विसण

"रुमाल सरकलाय तुझा. चोरून बघू नकोस," ताई म्हणाली.

"या वयात चोरून बघण्यासारखं उरलंय तरी काय?" धाकटीने डोळ्यांवरचा रुमाल खाली ओढला आणि मांडीवरच्या कापडी पिशवीत उजवा हात घातला. पिशवीत किल्ली होती, कोटाचं बटण होतं, बाटलीचं बूच, पेन्सिलीचा तुकडा, कपडे वाळत घालायचा चिमटा. तिची बोटं एका वस्तूवर थांबली, तिच्या कडेकडेने फिरली, पुन्हा फिरली. कपाळावर आठ्या पडल्या. "बूच," ती म्हणाली आणि मूठ बाहेर काढून ताईपुढे उघडली.

ताईने वस्तू उचलून घेतली. "बरोबर," ती म्हणाली. "आता पुढचं."

"बघ! मागच्या महिन्यात मला बूच आणि बटण एकच वाटत होतं."

"हो ना. पुढचं काढ आता, स्वतःची आरती नंतर ओवाळ."

धाकटीने सत्तरी कधीच ओलांडली होती, पण घरात थोरली बसलेली असली की धाकटीला मोठं व्हायची सोय नसते. दोघींचीही लग्नं झाली नव्हती. का झाली नाहीत हे विचारणारी माणसंसुद्धा आता उरली नव्हती. आईवडील गेले, भाऊ गेला, भावजय गेली. राहिल्या दोन खोल्या, दोघी बहिणी आणि भावाची एकुलती एक मुलगी. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि आठवड्यातून एकदा धापा टाकत येऊन जायची. ताईचं खुब्याचं हाड मोडलं ते नीट जुळलंच नाही. तेव्हापासून ती खुर्चीत होती. तिला उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं, कूस बदलून देणं हे सगळं धाकटीकडे होतं. कामाला बाई ठेवून पाहिली होती. ती चार दिवस आली आणि पाचव्या दिवशी आपली चप्पलसुद्धा न नेता पळाली.

धाकटीचं आयुष्य एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत गेलं होतं. तळघरात, वाफेत, इस्त्रीच्या टेबलाशी उभ्याने. इस्त्रीवर तापमानाचा काटा असायचा, पण काट्याकडे बघणाऱ्या नव्या पोरीला बाकीच्या बायका हसायच्या. ओलं बोट इस्त्रीला टेकवायचं आणि झटकन उचलायचं. चर्र वाजलं कसं आणि बोटाला लागलं कसं, त्यावरून कळायचं की ही रेशमाला चालेल की चादरींना. "काटा खोटं बोलेल, हात खोटं बोलायचा नाही," हे धाकटीने किती जणींना शिकवलं त्याला गणती नाही. पुढे पुढे तर ती बोट टेकवून गप्पा मारत उभी राहायची. पोरी तिला चटकाबाई म्हणायच्या आणि ती फुशारून जायची. उकळत्या चहाचा कप ती मुठीत धरी, चुलीवरचं पातेलं फडक्याशिवाय उतरवी. हात तयार झालाय, असं तिला वाटत होतं. हात तयार होत नव्हता, विझत चालला होता, आणि उरलंसुरलं काम वयाने केलं.

कळलं ते फार उशिरा. एका सकाळी नुकत्याच बंद केलेल्या शेगडीवर तळवा टेकून ती ताईशी बोलत उभी होती. काहीतरी जळकं नाकात शिरलं, तेव्हा ती म्हणाली, "दूध उतू गेलं वाटतं." त्या दिवशी घरात दूधच आलेलं नव्हतं.

हाताला बांधलेलं बँडेज बघून भाची मटकन खाली बसली. ती वाईट नव्हती. वाईट असती तर दोघी आत्यांना फार सोपं गेलं असतं.

"आत्या, आज स्वतःला भाजलंस, उद्या हिला भाजशील. मी एकटी कुठे कुठे पुरी पडू? एक चांगली जागा आहे, मी बघून आलेय. ज्यांना अजिबात चालता येत नाही त्यांनाच घेतात. थोरल्या आत्याला घेतील."

"आणि मला?"

"तू चालतीफिरती आहेस ना."

"मग मी पण पाय मोडून घेते."

"आत्या!"

शेवटी ताकीद मिळाली ती अशी: तीन महिने हाताचे व्यायाम करायचे. हात सुधारला तर भाची तोंडातून ब्र काढणार नाही. नाही सुधारला, तर ताई जाणार. तिथे भेटायला ठरलेले दोन वार होते आणि बसने तिथवर जायला दोनदा बस बदलावी लागे.

हे व्यायाम म्हणजे लहान मुलांचे खेळच. हॉस्पिटलातल्या थेरपिस्ट बाईने ते दिले होते. पिशवीतल्या वस्तू ओळखायच्या. मखमल, गोणपाट आणि काचकागदाचे तुकडे डोळे झाकून चाचपायचे. दोन वाडग्यांत गरम आणि गार पाणी घेऊन बोटं बुडवायची आणि कुठलं कुठलं ते सांगायचं. सकाळ-संध्याकाळ, रोज. थेरपिस्टने समजावलं होतं, की वय वाढलं की कातडीचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. पण सराव दिला तर म्हातारा मेंदूही पुन्हा शिकतो. "फक्त एक करायचं. जवळच्या माणसानं बरोबरला बरोबर आणि चुकीला चूकच म्हणायचं. लाडानं चुकीला बरोबर म्हटलंत, तर मेंदू ती चूकच पाठ करून ठेवील."

धाकटीने घरी येऊन हे सगळं ताईला शब्दन् शब्द सांगितलं होतं.

"म्हणजे तुझी लाइन खराब झालीय," ताई म्हणाली होती. "आयुष्यभर लोकांना हेच सांगत आले मी."

ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. जोडून दे, तोडू नको, मरायला टेकलाय माझा बाप, असं पलीकडून कुणीही कितीही ओरडलं तरी इकडून एकाच पट्टीत, गोड, सावकाश बोलायचं, हे तिचं काम. एकदा आईच्या मृत्यूची बातमी तिच्याच बोर्डावर आली होती. ती ऐकून घेऊन, "धन्यवाद," म्हणून तिने पुढचा कॉल जोडला होता. त्या आवाजावर ओरखडा उमटलेला धाकटीने कधी ऐकला नव्हता.

व्यायाम सुरू झाले त्याच आठवड्यात न्हाणीघरात एक प्रसंग घडला. न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ नव्हता. धाकटी पातेल्यात पाणी तापवून बादलीत ओतायची, वरून विसण म्हणून गार पाणी घालायची आणि हात बुडवून बघायची. ताई प्लास्टिकच्या खुर्चीत बसायची. त्या दिवशी पहिला तांब्या पाठीवर पडला आणि ताई म्हणाली, "अगं, जरा विसण घाल. चटका बसला."

एवढंच म्हणाली. पण धाकटीच्या हातातला तांब्या गळून पडला. ती ओल्या फरशीवर तशीच बसली आणि हमसून हमसून रडली. "माझा हात मेला गं ताई. मी आजच फोन करते तिला. माझ्याच्यानं नाही व्हायचं. मी तुला मारून टाकीन एक दिवस." थंडीने काकडत, अंगावर नीट टॉवेलही नसताना, ताईला तिची समजूत घालत बसावं लागलं. त्यानंतर ताईने विसण कधी मागितलं नाही.

आणि खरंच, त्यानंतर हात सुधारत गेला. पहिल्यांदा किल्ली आली. मग चिमटा आला. मग गार आणि गरम वेगळं कळायला लागलं. दर वेळी ताई "बरोबर" म्हणायची आणि धाकटीला आभाळ ठेंगणं व्हायचं. बादलीत हात बुडवून ती विचारायची, "बघ गं, झालंय का?" ताई बोटं बुडवायची. "छान आहे." थेरपिस्टने अंघोळीच्या पाण्यासाठी थर्मामीटर आणायला सांगितलं होतं, ते धाकटीने हसण्यावारी नेलं. ज्या हाताने अख्ख्या हॉटेलच्या चादरी ओळखल्या त्या हाताला काडी शिकवणार काय?

मधल्या काळात ताई अंगावर गाऊन ठेवून अंघोळ करू लागली होती.

"आता पंचाहत्तरीला नव्यानं लाज फुटली का?"

"फुटली. काहींना उशिरा फुटते."

"आणि पाठ कोण चोळणार?"

"कापडावरनं चोळ. नंतर माझं मी पुसते, गाऊन पण मीच बदलते. सगळं तूच केलंस तर माझे हात पण मरतील."

यावर दोघी हसल्या होत्या. धाकटी अंघोळ घालताना चष्मा काढून ठेवायची, कारण वाफेने काच धूसर व्हायची. तेव्हा वाफ इतकी का होते, हे तिच्या मनातही आलं नाही.

तीन महिने संपले तेव्हा भाची तिला हॉस्पिटलात घेऊन गेली आणि स्वतः बाहेर बाकावर बसली. थेरपिस्टने धाकटीचा हात एका छोट्या पडद्याखालून पलीकडे घ्यायला लावला आणि तळव्यावर एक एक वस्तू ठेवली.

"बूच," धाकटी म्हणाली. "हे बटण. हा चिमटा, हा तर मी झोपेत पण सांगेन."

थेरपिस्टने गरम आणि गार पाण्याच्या दोन नळ्या आळीपाळीने बोटांना लावल्या. धाकटी न अडखळता सांगत गेली, गरम, गार, गरम, गरम. मग मनगटाला, मग कोपराशी. थेरपिस्टचा चेहरा बघून तिचा आवाज हळूहळू खाली आला.

"घरी किती बरोबर येतात, आजी?"

"जवळजवळ सगळे."

"इथे एकही आलं नाही, असं म्हटलं तरी चालेल. बधिरपणा कोपरापर्यंत चढलाय." थेरपिस्टने पडदा उचलला. तळव्यावर पेन्सिलीचा तुकडा होता आणि धाकटी त्याला चिमटा म्हणाली होती. "घरी बरोबर-चूक कोण सांगतं?"

"माझी बहीण."

थेरपिस्टने तिचा हात आपल्या हातात घेतला. तेही धाकटीला दिसलं, म्हणून कळलं. "पुढच्या वेळी भाचीला आत घेऊन या," ती म्हणाली.

बाहेर भाची उठून उभी राहिली. "काय म्हणाल्या?"

"बरं चाललंय म्हणाल्या," धाकटी म्हणाली. खोटं बोलायला काही लागत नाही, हे तिला त्या क्षणी समजलं. बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. ताईवर संतापावं की रडावं, तिला कळत नव्हतं. आपल्याला लहान मुलासारखं खेळवलं, एवढंच तिच्या डोक्यात ठणकत होतं. त्याच्यापलीकडे आणखी काही असेल, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नेहमीसारखं पाणी तापवलं, ओतलं, विसण घातलं आणि हात बुडवला. हात म्हणाला, कोमट. हा हात, जो पेन्सिलीला चिमटा म्हणतो. ती बादलीकडे बघत राहिली. मग न्हाणीघराच्या बाहेर जाऊन चष्मा घेऊन आली.

"ताई, हात बुडव. बघ झालंय का."

ताईने बोटं बुडवली. "छान आहे."

"काढू नकोस. राहू दे आत."

"का गं?"

"राहू दे म्हटलं ना."

ताईने हात ठेवला. तिचा चेहरा जसाच्या तसा होता. कपाळावर आठी नाही, ओठ हलला नाही. धाकटी त्या चेहऱ्याकडे बघून फसली असती, आणखी वर्षभर फसली असती. पण नजर खाली गेली. ओल्या फरशीवर ताईच्या पायांची बोटं आत वळून घट्ट आवळलेली होती, इतकी की नखं पांढरी पडली होती.

धाकटीने तिचा हात खेचून बाहेर काढला. तो लालबुंद झाला होता. मग, ताई "नको, नको गं" म्हणत असताना, तिने गाऊन वर केला. तो सहज वर होईना. मांडीपाशी कापड कातडीला चिकटलं होतं. मांड्यांवर, कमरेच्या मागे, जिथे खुर्चीत पाणी साचून राहायचं तिथे, जुने तपकिरी डाग होते, त्यांच्यावर नवे लाल डाग होते, एक फुटलेला फोड होता आणि सगळ्यावर थापलेल्या पावडरीचा ओला चिखल झाला होता.

"कधीपासून?"

"रोज नसायचं तसं. कधी कधी बरोबर पण असायचं."

"ताई."

"मी नाही म्हटलं असतं तर तू त्याच दिवशी फोन केला असतास."

"म्हणून भाजून घेतलंस?"

"एवढं काही नाही लागत. दोन तांब्ये सोसले की पुढे कातडीला सवय होते." ताईचा आवाज तोच होता, सावकाश, गोड. "मला वाटलं, बरोबर बरोबर म्हणत राहिलं तर कधीतरी होईलही बरोबर. तुझा चेहरा किती उजळायचा, तुला माहीत नाही."

धाकटीला तिला एक थोबाडीत मारावीशी वाटली आणि पोटाशी धरावंसंही वाटलं. तिने दोन्हीतलं काहीच केलं नाही, कारण कुठे धरलं तर दुखेल हे तिच्या हाताला कळणार नव्हतं. कात्रीने कापड कापून तिने ते हळूहळू सोडवलं. डॉक्टर येऊन गेला. त्याने विचारलं तेव्हा ताई म्हणाली, "माझ्याच हातून सांडलं."

त्या दुपारी ताई म्हणाली, "थर्मामीटर आणू आपण. त्याच्यात आकडा दिसतो. मग झालं ना?"

"पाण्याला थर्मामीटर लावता येईल," धाकटी म्हणाली. "तुझ्या तोंडाला कुठला लावू? उद्या कूस बदलताना माझी नखं रुतली तर तू छान आहे म्हणशील. हाड मोडलं तरी छान आहे म्हणशील."

ताई नाही म्हणाली नाही, आणि तेच धाकटीला सगळ्यात जास्त लागलं. तिने उठून भाचीला फोन केला. "जागा शिल्लक आहे का विचार," एवढंच ती म्हणाली. पलीकडून भाची काय काय विचारत राहिली. धाकटीने रिसीव्हर ठेवून दिला.

जखमा भरेपर्यंत भाची रोज येत राहिली. ती एका शब्दानेही बोलली नाही, उलट ताईचं अंग पुसताना तिच्याच डोळ्यांतून पाणी गळायचं. ताई शेवटपर्यंत म्हणत होती, आठ दिवस थांबा, पंधरा दिवस थांबा. निघायच्या सकाळी तिने म्हणणं सोडलं आणि केस विंचरून घेतले.

जागा खरोखरच चांगली होती. मोठ्या खिडक्या, स्वच्छ चादरी. चादरींना कड नीट नाही, हे धाकटीने आत शिरताक्षणी पाहिलं आणि जीभ चावली. भाची खाली कचेरीत गेली. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली एक हसतमुख सेविका आली आणि म्हणाली, "चला आजी, प्रवासाचा शीण घालवू या. मस्त न्हाऊ घालते." ताईची खुर्ची ढकलत ती आत गेली. धाकटी कोरडा गाऊन हातावर घेऊन दाराबाहेर उभी राहिली. यापुढे तिची जागा तीच होती.

आतून पाण्याचा आवाज आला. मग तांब्याचा.

"पाणी कसंय, आजी? चालेल ना?"

"छान आहे," ताई म्हणाली.

तोच आवाज. एकाच पट्टीतला, गोड, सावकाश. धाकटीने दार ढकललं आणि चपलेसकट आत गेली.

"अहो, बाहेर थांबा ना तुम्ही!"

"तिला विचारू नका," धाकटी म्हणाली. "ती खरं सांगत नाही. कधीच सांगत नाही. तिच्या पायांकडे बघायचं."

सेविकेने खाली बघितलं. धाकटीनेही बघितलं. ताईचे पाय घोट्यापर्यंत साबणाच्या फेसात बुडाले होते. बोटं दिसत नव्हती.

"मी हात घालून बघितलंय, आजी. कोमट आहे."

"खरंच बरं आहे गं," ताई म्हणाली. "अगदी खरं."

सेविकेचं म्हणणं बरोबर असेल. ताईचंही असेल. धाकटीने बाही वर सारली, वाकली आणि बादलीत कोपरापर्यंत हात बुडवला. त्या दोघी तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. तिने डोळे मिटून घेतले आणि वाट पाहिली. पाणी ओलं आहे, एवढंच हात सांगत होता.